विद्यापीठातील खुली व्याख्यानमाला : वेळ, माईक, प्रश्नोत्तरे आणि शब्दांकन यांची नेमकी व्यवस्था कशी लावावी?

विभाग_समन्वयक (प्रश्न)

विद्यापीठाच्या इतिहास विभागातर्फे येत्या सत्रात दर महिन्याला एक अशी सहा जाहीर व्याख्याने घ्यायची आहेत. मराठीतून, विनामूल्य, शहरातल्या कोणालाही खुली. सभागृह १५० खुर्च्यांचे, लांबट. छताला पंखे आहेत, वातानुकूलन नाही. मंचावर लाकडी पोडियम, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर स्पीकर, एक जुना आठ चॅनेलचा मिक्सर आणि छताला प्रोजेक्टर. निधी बेताचा आहे.

आतापर्यंतचे चित्र सगळीकडे दिसते तसेच. सहाचा कार्यक्रम सहा-पंचवीसला सुरू होतो, वक्ता बोलायला उभा राहीपर्यंत सात वाजतात. मधल्या रांगांत हजेरीसाठी बसवलेले विद्यार्थी, बाहेरचे श्रोते जेमतेम दहा-पंधरा. प्रश्नोत्तरांत एकजण माईक धरून स्वतःचेच भाषण करतो. रेकॉर्डिंग होते, पण त्यात वक्त्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो.

वेळापत्रक, ध्वनी, प्रश्नोत्तरे आणि व्याख्यानानंतरचे काम (व्हिडिओ, छापील मजकूर) यांबद्दल ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी तपशिलात सांगावे.

---

श्रोत्याची_खुर्ची

सुरुवात वेळापत्रकापासून करा, कारण बाकीच्या निम्म्या अडचणी तिथूनच निघतात.

एकूण वेळ ९० मिनिटे धरा. त्यात व्याख्यान ५० मिनिटे आणि प्रश्नोत्तरे २५. उरली १५ मिनिटे. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षीय मनोगत, आभार हे सगळे त्या पंधरात बसले पाहिजे. बसत नसेल तर त्यातले काही काढा, व्याख्यानाला कात्री लावू नका.

सोपा उपाय म्हणजे स्वागत, प्रास्ताविक आणि परिचय एकाच व्यक्तीकडे द्या, मिळून पाच मिनिटे. परिचय लिहून आणायचा आणि तो १५० शब्दांपुढे न्यायचा नाही. पदव्या आणि पुरस्कारांची यादी वाचण्यापेक्षा वक्त्याने या विषयावर नेमके काय काम केले आहे ते दोन वाक्यांत सांगा. श्रोत्याला तेवढेच लागते. सत्कार व्याख्यानानंतर ठेवा. दीपप्रज्वलन सहापैकी पहिल्या व्याख्यानाला करा, दर महिन्याला नको. अध्यक्ष हवेच असतील तर त्यांच्याकडे प्रश्नोत्तरांचे संचालन द्या. 'अध्यक्षीय समारोप' ठेवला की वक्त्याने मांडलेले पुन्हा ऐकावे लागते आणि तेवढ्यात लोक उठतात.

वेळेवर सुरू करायचे म्हणजे सहा वाजता सुरू करायचे, मग सभागृहात वीसच माणसे का असेनात. पहिल्या दोन वेळा उशिरा येणारे चुकतील, तिसऱ्या वेळी येतील. उलट पंचवीस मिनिटे थांबलात, तर वेळेवर आलेल्या माणसाला तुम्ही शिक्षा करता, आणि पुढच्या वेळी तोही उशिरा येतो.

वक्त्याला निमंत्रणातच '५० मिनिटे' असे लिहून कळवा. मराठीत शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द बोलतो, म्हणजे ५० मिनिटांत सहा हजार शब्दांच्या आसपास. लिहून आणणाऱ्या वक्त्याला हा आकडा फार उपयोगी पडतो. पहिल्या रांगेत एक स्वयंसेवक बसवा. त्याच्याकडे '१० मिनिटे', '३ मिनिटे' आणि 'वेळ संपली' असे तीन कागद, ए-४ आकाराचे, जाड अक्षरांत. मंचावर चिठ्ठी पाठवू नका. वक्ता ती उघडतो, वाचतो आणि त्याचा धागा तुटतो.

बाहेरचे श्रोते हवेत तर वार आणि वेळ सहाही महिने एकच ठेवा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली आणि तिचा हंगाम लोकांच्या अंगवळणी पडला. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची शालेय विद्यार्थ्यांसाठीची व्याख्याने दुसऱ्या शनिवारी असतात आणि लोक तारीख विचारत बसत नाहीत. तुमचाही 'तिसरा शनिवार, सहा वाजता' असा ठाम दिवस असू द्या. वक्ता त्या दिवशी मोकळा नसेल तर वक्ता बदला, दिवस बदलू नका.

---

तारा_आणि_खटके

ध्वनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ऐकू आले नाही तर बाकी सगळे फुकट.

माईकची निवड. पोडियमवरचा लवचिक मानेचा माईक एका जागी उभे राहून वाचणाऱ्यासाठी चांगला. तोंडापासून २० ते ३० सेंमी, आणि अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चे फटके बसत नाहीत. मान वळवून पडद्याकडे बघत बोलणाऱ्यासाठी मात्र तो निरुपयोगी. वक्ता पडद्याकडे वळला की आवाज गायब होतो. अशांना कॉलर माईक द्या, हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर. नेहमीच्या चुका अशा : उपरण्याखाली किंवा ओढणीखाली माईक झाकला जाणे, गळ्यातल्या साखळीचा खुळखुळाट, आणि सत्काराची शाल. खांद्यावर शाल पांघरली की कॉलर माईक तिच्याखाली घासत राहतो. सत्कार व्याख्यानानंतर ठेवावा असे वर सांगितले आहे, त्याला हे आणखी एक कारण. साडी नेसलेल्या वक्त्यांसाठी ट्रान्समीटर अडकवायला पट्ट्याची छोटी पिशवी तयार ठेवा. कमरेला खोचलेली डबी हमखास घसरते. माईक पदराच्या विरुद्ध बाजूला, ब्लाउजच्या काठावर लावायचा.

अंतर निम्मे केले की माईकपर्यंत पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणून 'आवाज वाढवा' अशी ओरड आली की आधी माईक जवळ आणा, मिक्सरवरची पट्टी नंतर सरकवा. पट्टी वाढवली की वक्त्याबरोबर पंखा, खुर्च्या आणि शिट्टी हे सगळेच वाढते.

शिट्टी का येते? स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर येतो, आणि हे चक्र चालू राहते. म्हणून स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या दिशेने हवेत. तुमचे भिंतीवरचे स्पीकर पोडियमच्या मागच्या रेषेत असतील तर पोडियम एक-दीड मीटर मागे सरकवून बघा. त्यासाठी काही खर्च नाही. जे माईक वापरात नाहीत ते मिक्सरवर बंद ठेवा. चार माईक उघडे असतील तर एकाच माईकच्या तुलनेत शिट्टीची शक्यता बरीच वाढते. रिकाम्या सभागृहात चाचणी घेताना आवाज घुमतो आणि शिट्टी लवकर येते. माणसे बसली की कपडे आणि शरीरे आवाज शोषतात, तेव्हा रिकाम्या सभागृहात थोडे कमी वाटले तरी घाबरू नका, पण भरल्यावर शेवटच्या रांगेत कोणीतरी उभे राहून ऐकलेच पाहिजे.

पंखा. पोडियमच्या थेट वरचा पंखा बंद ठेवा. वाऱ्याचा झोत माईकवर पडला की फडफड होते आणि वक्त्याचे कागदही उडतात. उकाडा असेल तर बाजूने उभा पंखा, दोन-अडीच मीटरवर, झोत वक्त्याच्या पाठीवर येईल असा. माईकला स्पंजची टोपी लावाच. ती स्वस्तात मिळते.

रेकॉर्डिंग. कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवर विसंबू नका. कॅमेरा मागच्या रांगेत असतो, तिथून तो सभागृह ऐकतो, वक्ता ऐकत नाही. मिक्सरच्या 'ऑक्स' किंवा 'रेकॉर्ड आउट'मधून वेगळी तार काढून छोट्या रेकॉर्डरमध्ये घ्या. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. टाळ्यांना आणि मोठ्या हशाला तेवढी मोकळी जागा लागते. जोडीला पोडियमवर एक मोबाइल, विमान मोडमध्ये, रेकॉर्डिंग चालू करून ठेवा. मिक्सरची तार निसटली तर तोच वाचवतो.

वायरलेस माईकला प्रत्येक व्याख्यानाला नवे सेल. कालचे 'अजून अर्धे आहेत' म्हणून वापरले की चाळिसाव्या मिनिटाला घात होतो. काढलेले सेल घड्याळात घाला.

---

विभाग_समन्वयक

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. लॅपटॉप मिक्सरला जोडला की बारीक घूं असा आवाज सतत येतो, तो कशाचा? आणि हजेरीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे काय करावे? त्यांना काढले तर सभागृह रिकामे दिसेल अशी वरिष्ठांना भीती वाटते.

---

तारा_आणि_खटके

घूं हा बहुधा अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप एका खटक्यावर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांमध्ये ध्वनीची तार. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्या तारेतून शिरते. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर निदान झाले. मग लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, किंवा मध्ये डीआय बॉक्स नाहीतर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, म्हणजे दोघांमधला विजेचा थेट दुवा तुटतो आणि ध्वनी तेवढा पुढे जातो. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' कोणी सुचवला तर अजिबात करू नका. तो जिवावर बेतू शकतो.

प्रोजेक्टरबद्दलही. वक्त्याचे मराठी सादरीकरण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल (कृतिदेव, श्री-लिपीचे जुने फाँट वगैरे), तर तुमच्या लॅपटॉपवर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल. फाइल दोन दिवस आधी मागवा आणि पीडीएफसुद्धा मागवा. पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधलेला असतो, त्यामुळे अक्षर मोडत नाही. जुन्या नकाशांचे किंवा मोडी कागदांचे फोटो असतील तर पूर्ण पान एकदा दाखवून नंतर हव्या त्या दोन-तीन ओळी मोठ्या करून वेगळ्या चौकटीत द्यायला सांगा. मागच्या रांगेतून पूर्ण पानावरचे काहीच वाचता येत नाही. सभागृहात पूर्ण अंधार करू नका. फक्त पडद्यासमोरची दिव्यांची रांग बंद करा. अंधारात लोक टिपणे घेऊ शकत नाहीत, आणि सहा वाजता दमून आलेला माणूस झोपतो.

---

श्रोत्याची_खुर्ची

विद्यार्थ्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : सक्ती काढा. सक्तीने बसवलेली ऐंशी मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसली की वक्त्याचा उत्साह मावळतो आणि बाहेरून आलेल्या माणसाला आपण परक्या तासाला येऊन बसलो असे वाटते. रिकामे दिसायची भीती असेल तर मागच्या सहा रांगा दोरी लावून बंद करा. चाळीस माणसे पुढे एकत्र बसली की सभागृह भरलेले वाटते, आणि आवाजही नीट पोचतो. विद्यार्थ्यांना काम द्या : माईक फिरवणे, वेळेचे कागद, शब्दांकन, वक्त्याला स्टेशनवरून आणणे. काम असलेला विद्यार्थी ऐकतो.

बाहेरच्यांना अडवते ते बहुतेक वेळा विद्यापीठाचे फाटक. सुरक्षारक्षकाला तारीख, वेळ आणि सभागृहाचे नाव लिहिलेला कागद आदल्या दिवशी द्या. त्याने 'कोणाकडे काम आहे?' असे विचारले की संकोची माणूस परत जातो. फाटकापासून सभागृहापर्यंत प्रत्येक वळणावर बाणाचा कागद लावा. वर्तमानपत्रातल्या 'आजचे कार्यक्रम' सदरासाठी मजकूर तीन दिवस आधी, ५०-६० शब्दांत. पोस्टरवर सर्वांत मोठे अक्षर विषयाचे, मग वक्त्याचे, मग वार-वेळ-जागा. कुलगुरूंपासून समन्वयकापर्यंतची नावे तळाशी एका ओळीत. आणि व्हॉट्सॲपवर नुसते चित्र पाठवू नका, खाली तोच मजकूर टाइप करून द्या. दृष्टिहीन श्रोत्यांचे वाचन-ॲप चित्रातली अक्षरे नेहमी वाचू शकत नाही.

---

मागच्या_रांगेतून

प्रश्नोत्तरांसाठी माझा आग्रह चिठ्ठ्यांचा. खुर्च्यांवर आधीच कोरे कागद ठेवा, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे. व्याख्यान संपता संपता, पंचेचाळिसाव्या मिनिटाला, दोन स्वयंसेवकांनी ते गोळा करायचे. संचालकाने पाच मिनिटांत चाळून सारखे प्रश्न एकत्र करायचे आणि कठीण प्रश्न आधी घ्यायचे. भाषण ठोकणाऱ्यांचा बंदोबस्त आपोआप होतो, कारण चिठ्ठीत भाषण मावत नाही. शिवाय जी मुलगी किंवा जे आजोबा दीडशे लोकांत उभे राहून बोलणार नाहीत, त्यांचाही प्रश्न येतो.

---

श्रोत्याची_खुर्ची

अंशतः असहमत. नुसत्या चिठ्ठ्यांमध्ये संचालकाच्या हातात फार अधिकार जातो. अडचणीचा प्रश्न गाळला गेला असे लोकांना वाटते, आणि इतिहासाच्या विषयात ती शंका फार लवकर येते. उलटप्रश्नही विचारता येत नाही. दोन्ही ठेवा : पहिली दहा मिनिटे चिठ्ठ्या, उरलेली पंधरा माईक.

माईकचा नियम एकच : स्वयंसेवकाने माईक हातातून सोडायचा नाही. तो प्रश्नकर्त्याच्या तोंडापुढे धरायचा आणि प्रश्न संपला की मागे घ्यायचा. माईक हातात दिला की भाषण सुरू होते, आणि मग तो काढून घेणे उद्धट दिसते. दोन्ही बाजूंच्या वाटांवर एकेक माईक ठेवा. एकाकडे प्रश्न चालू असताना दुसऱ्याने पुढच्या माणसापाशी जाऊन उभे राहायचे. संचालकाने सुरुवातीलाच सांगावे : 'एका व्यक्तीने एक प्रश्न, अर्ध्या मिनिटात.' पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा घ्या. पहिला जर निवृत्त प्राध्यापकांचा आला तर मुले गप्प होतात. माईकशिवाय विचारलेला प्रश्न वक्त्याने उत्तराआधी पुन्हा म्हणावा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतीच उत्तरे राहतात.

---

टिप्पणी_ते_धनादेश

कार्यालयीन बाजू थोडक्यात. सहा व्याख्यानांची एकच टिप्पणी सत्राच्या सुरुवातीला मंजूर करून घ्या. दर महिन्याला नवी फाइल फिरवलीत तर दुसऱ्या महिन्यातच अडकेल. टिप्पणीत वक्त्याचे मानधन, प्रवासखर्च, अतिथिगृह, चहापान, छपाई आणि ध्वनी ही शीर्षे वेगवेगळी दाखवा. सभागृहाचे आरक्षण सहाही तारखांचे एकदम, आणि तयारीसाठी पाच ते साडेसात नव्हे, चार ते साडेआठ असे.

वक्त्याच्या निमंत्रणासोबतच पॅन, बँक तपशील आणि रद्द केलेल्या धनादेशाची प्रत मागवा. मानधन किती, त्यातून उद्गम करकपात (टीडीएस) होणार असेल तर हाती किती येईल आणि साधारण कधी येईल हे त्याच पत्रात लिहा. प्रवासाची मूळ तिकिटे लागणार असतील तर तेही आधीच सांगा. व्याख्यान संपल्यावर निवृत्त अभ्यासकाला दोन महिने तिकिटासाठी फोन करत राहणे हा त्याचा अवमान आहे. पावती आणि प्रवासदेयकाचा नमुना त्याच संध्याकाळी, चहाच्या वेळी, सहीसाठी पुढे ठेवा.

---

शब्दांकन

सगळ्यात दुर्लक्षित भाग व्याख्यानानंतरचा. त्याचे महत्त्व एका उदाहरणातून कळेल. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून संघराज्य योजनेवर व्याख्यान दिले. नेहमीची वेळ एक तासाची. ते दोन तास बोलले, तरी तयार केलेल्या मजकुरातला मोठा भाग त्यांना गाळावा लागला. छापताना मात्र त्यांनी संपूर्ण मजकूर दिला, आणि आज आपल्यापर्यंत पोचले आहे ते हे छापील रूप. सभागृहातले दोन तास त्या दिवशीच्या श्रोत्यांचे होते, कागदावरचे व्याख्यान पुढच्या सगळ्यांचे झाले.

व्यवहारात असे करा. निमंत्रणपत्रातच लेखी परवानगी घ्या : ध्वनिमुद्रण, यूट्यूबवर प्रसारण, शब्दांकन छापणे या तिन्हींसाठी वेगवेगळ्या चौकटी. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे भाषण करणाऱ्याचा असतो, आणि व्याख्यान देणारी व्यक्ती त्या कायद्यातल्या कलावंताच्या व्याख्येतही येते. विभागाने मानधन दिले म्हणून हक्क आपोआप विभागाचा होत नाही. अप्रकाशित कागदपत्रांचे फोटो वापरणारा वक्ता व्हिडिओला नकार देऊ शकतो. तेव्हा पडद्यावरचे फोटो वगळून फक्त ध्वनी ठेवण्याचा पर्याय द्या.

एका तासाच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणाचे हाताने शब्दांकन करायला सरावलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून सहा विद्यार्थ्यांना वाटा, म्हणजे दोन दिवसांत पहिला खर्डा होतो. यंत्राने मजकूर काढून घेतला तरी नावे, सनावळ्या, शकांचे आकडे आणि फारसी-मोडीतले शब्द माणसानेच तपासायचे. 'फडणीस'चा 'फडणवीस' आणि 'सरंजाम'चा 'सरंजामी' व्हायला वेळ लागत नाही. मग अडखळणे आणि पुनरुक्ती काढा, पण वक्त्याची बोलण्याची ढब ठेवा. वक्त्याला मसुदा तीन आठवड्यांत पाठवा. तीन महिन्यांनी पाठवलात तर आपण काय बोललो ते त्यालाही आठवत नाही.

थेट प्रसारण करायचे असेल तर चॅनेलवर ही सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून हे काम त्याच दिवशी दुपारी काढू नका. ७२०पी चित्रासाठी सेकंदाला ४ मेगाबिट धरलेत तर दोन तासांत साधारण ३.६ जीबी डेटा जातो. मोबाइल डेटावर असाल तर तेवढा शिल्लक आहे का बघा, आणि प्रत्यक्ष अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट तरी असू द्या. कॅम्पसच्या वायफायवर भिस्त नको, भिंतीतून येणारी तार घ्या. काही जुने कॅमेरे साधारण तिसाव्या मिनिटाला रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. तुमचा तसा असेल तर एकोणतिसाव्या मिनिटाला स्वतःच थांबवून पुन्हा सुरू करायचे काम एकाला नेमून द्या.

---

विभाग_समन्वयक

सर्वांचे आभार. ठरवले ते असे : तिसरा शनिवार, सहा वाजता, मागच्या सहा रांगा बंद, सक्तीची हजेरी नाही, प्रश्न चिठ्ठ्यांनी सुरू करून माईकवर. परवानगीचा अर्ज आजच निमंत्रणपत्राला जोडतो. सभागृह चार वाजल्यापासून मिळाले तर पोडियम मागे सरकवून आवाज तपासून इथेच कळवतो.

---

तारा_आणि_खटके

तपासताना एकाने पोडियमवरून वर्तमानपत्र वाचायचे, मोजणी नको. 'हॅलो हॅलो, एक दोन तीन' म्हणताना माणूस ओरडतो. वाचताना तो वक्त्यासारखा बोलतो, आणि पातळी खरी लागते. आणि लवचिक माईकची मान वक्त्याच्या उंचीला लावून झाली की तिथे रंगीत चिकटपट्टीची खूण करा. परिचय करून देणारा ती मान हमखास आपल्याकडे ओढतो. खूण असली की वक्ता उभा राहताच स्वयंसेवकाला ती क्षणात जागेवर आणता येते.